सकाळची पहिली बाटली

आमच्या असोद्याहून रोज पहाटे वांग्यांची बैलगाडी जळगावच्या बाजाराला निघते, आणि त्या वांग्यांच्या ढिगावर मी बसते. इंग्रजी चौथीपर्यंत पोचलेली गावातली एकटी मुलगी मीच, तेव्हा गाडीत माझा मान मोठा असेल असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. वांग्यांच्या देठांना काटे असतात.

त्या पौषात माझ्या मांडीवर दप्तर होतं आणि दप्तरावर एक बाटली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली, वर घट्ट बूच. गाडी हाकणाऱ्या उखर्डूकाकांनी पहिल्याच दिवशी मागे वळून विचारलं, "काय वं सुनंदा, मास्तरणीसाठी अत्तर नेऊ राह्यली का?"

"मूत आहे," मी म्हणाले.

काकांनी बैलाला उगाचच चाबूक लगावला आणि जळगावचा नाका येईपर्यंत परत वळून पाहिलं नाही. मला हसू आवरेना. दिवाळीआधी हा शब्द पुरुषमाणसासमोर माझ्या तोंडातून निघाला नसता. पण दिवाळीनंतर शाळेच्या संमेलनात मी तीनशे माणसांपुढे न अडखळता भाषण केलं, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. सगळं मला समजतं, आणि जे समजत नाही ते विचारलं की समजतं, असं माझं ठाम मत होतं.

बाटली भागावहिनीची. गिरधरभाऊची ही बायको शिंदखेड्याची, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. सातवा महिना लागला आणि तिचे पाय सुजले. नुसते सुजले नाहीत, तर पायांतली जोडवी मांसात रुतून बसली. साबण लावला, तेल लावलं, तरी निघेनात. भाऊ तिला जळगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पावलावर अंगठा दाबला, पडलेला खड्डा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सकाळची पहिली लघवी पाठवा. दर आठवड्याला."

घरात मोठाच प्रश्न पडला. ती न्यायची कुणी? भाऊ म्हणाला, मी नेणार नाही. गडी म्हणाला, नोकरी सोडीन. आबा उठून मळ्यात निघून गेले. मी म्हणाले, मी नेते, माझ्या शाळेच्या वाटेवरच आहे.

शाळा अकराची आणि गाडी आठला पोचायची. मधले तीन तास मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत काढू लागले. तिथे खिडकीपाशी एक टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या, आणि समोर कौतिकनाना. ते डॉक्टरांचे कंपाउंडर. औषधंही तेच करत आणि तपासण्याही तेच करत.

"बाटली उकळली होती का?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"वीस मिनिटं. माय म्हणाली, आता या पातेल्यात वरण शिजणार नाही."

"तुझ्या मायला म्हणावं, वरणात जेवढं असतं तेवढंही या बाटलीत नको. तिनं अंग धुतलं होतं ना? पहिली थोडी सोडून मग धरली ना?"

मी सगळ्याला मान हलवली. त्यांनी बूच काढून वास घेतला. मी नाक दाबलं तर ओरडले, "नाकच तर अर्धं काम करतं! हात काढ."

मग त्यांनी ती उभ्या काचेच्या भांड्यात ओतली आणि तिच्यात एक गमतीची वस्तू सोडली. लांब मानेची काचेची तरंगती नळी, पोटात पारा आणि मानेवर बारीक आकडे. नुसत्या पाण्यात ही पार शून्यापर्यंत बुडते. लघवी जितकी जड, तितकी ती वर उचलली जाते. वहिनीची बावीसवर थांबली.

"रात्रभर साठलेली असते, रात्री माणूस पाणी पीत नाही, म्हणून सकाळची जड," नाना म्हणाले. "जे शोधायचं ते तिच्यात दाट सापडतं. म्हणून पहिली."

खरी मजा पुढेच होती. त्यांनी टेबलावरची एक साधी काचेची नळी त्याच लघवीनं पाऊण भरली, बूड चिमट्यात धरलं आणि फक्त वरचा भाग दिव्यावर तापवला. खालचा गारच ठेवला. म्हणजे एकाच नळीत आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वरखाली दिसतं! केवढी साधी युक्ती! कुणाला सुचली असेल? वरच्या भागात धुकं आलं. पौषातल्या सकाळी नदीवर असतं तसं.

"अजून घाबरायचं नाही," म्हणत नानांनी आंबट औषधाचे तीन थेंब टाकले. "क्षारांचं धुकं असलं तर यानं जातं. आल्ब्युमिन असलं तर राहतं. अंड्याच्या पांढऱ्यात असतं ना, तसलं. ते रक्तात असावं. इथे आलं म्हणजे मूत्रपिंड गळतंय."

धुकं राहिलं.

डॉक्टरांनी नळी खिडकीकडे धरून पाहिली. "थोडं आहे. मीठ बंद, आराम. पुढल्या बुधवारी परत आणा. वाढलं असेल तर बाई इथे खाटेवर राहील, बाळंत होईपर्यंत. माहेर नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरी नीट समजावून सांगशील?"

मला म्हणाले! आबांना नाही, भाऊला नाही, मला!

नीटच समजावलं मी. संध्याकाळी चुलीपुढे बसून सगळं करून दाखवलं. लाटणं म्हणजे नळी, चिमणी म्हणजे दिवा. माय म्हणत राहिली, "बास कर वं, जेवाच्या टायमाले," पण ऐकत होती. वहिनी भाकरी थापत होती. तिनं एकदाच हात थांबवला.

"ताई, ते धुकं कितलं दिसनं?"

"एवढंसं. पुढच्या वेळी वाढलं तर मात्र शिंदखेडा बंद."

"आनि कमी व्हयनं ते?"

"तर जा खुशाल. लघवी दाट असली की धुकं दाट, पातळ असली की पातळ. सोपं आहे!"

वहिनी परत भाकरी थापू लागली.

आता शिंदखेड्याचं सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर सगळीकडेच आहे. आमच्याकडे सातव्यात नेतात. आठवा लागला की पोटुशी बाई गाडीत पाय ठेवत नाही. वहिनीचा भाऊ पंडित शुक्रवारी यायचा होता, आणि आठवा रविवारी लागत होता. तो शुक्रवार चुकला की माहेर चुकलं. मग तिच्या आईनं इकडे यावं, असं कुणी म्हणेल. पण लेकीला मूल होईपर्यंत आई जावयाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. वहिनीची आई भिकुबाई, त्या दोन वर्षांत आमच्या ओट्यावर एकदाही बसल्या नव्हत्या. वहिनीची थोरली बहीण सासरी बाळंतपणात गेली, तेव्हाही त्यांचं पाऊल तिथे उशिराच पडलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण नळीत काय दिसतं यापुढे ते मला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

बुधवारी वहिनीनं बाटली चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिली. गाडीत कडाक्याची थंडी होती. आदल्या खेपेला मी बाटली दोन्ही हातांत धरून ऊब घेत बसले होते. हसू नका, खरंच ऊब येते. या वेळी ती पहिल्यापासूनच गार होती. मला वाटलं, थंडीच जास्त आहे.

दवाखान्यात हिवतापाच्या रोग्यांची रांग बाहेरपर्यंत लागली होती. नाना घाईत होते. तरंगती नळी भांड्यात सोडली तर ती जवळजवळ सगळी मान बुडेपर्यंत खाली गेली. पाच.

"हे काय?" नाना म्हणाले. "पाण्यासारखी हलकी. पाणी फार पिते का ग तुझी वहिनी?"

"हो!" मी लगेच म्हणाले. "मीच सांगितलंय. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात आहे, भरपूर पाणी प्यावं."

खरं तर मी वहिनीला असं एकदाच सांगितलं होतं, आणि ती प्यायली की नाही ते पाहिलंही नव्हतं. पण मला उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असताना गप्प बसणं मला जमत नव्हतं.

नानांनी नळी तापवली. धुक्याचा पुसट मागमूस दिसला. आदल्या खेपेपेक्षा कमी. त्यांनी चिठ्ठीवर तसं लिहिलं, आणि डॉक्टरांनी रांगेतून वर न पाहताच म्हटलं, "छान. जाऊ द्या तिला."

घरी मी ओरडतच शिरले. वहिनी हसली. तिचा चेहरा इतका सुजला होता की हसताना डोळे मिटून गेले.

गुरुवारी भूगोलाच्या तासाला बाई तापीच्या उपनद्या विचारत होत्या, आणि माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या. रात्रभर माणूस पाणी पीत नाही, म्हणून सकाळची जड. मग पाच कशी? आणि बाटली गार का होती? भर पौषात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या रांजणातलं पाणी जेवढं गार असतं, तेवढी.

"सुनंदा, पांझरा सांग," बाई म्हणाल्या. मला पांझरा आठवेना.

संध्याकाळी घरी गेले तर वहिनी गोठ्यामागे एकटी बसली होती, डोकं दोन्ही हातांनी धरून. मी सरळच विचारलं, "बाटलीत पाणी कुणी घातलं?"

तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "मीच टाकं."

"डोकं दुखतंय?"

"दुखस. डोळासमोर काजवा चमकतस."

"वहिनी, अगं हे साधं नाही! मी आत्ता मायला सांगते."

तिनं माझं पातळ धरलं. "ताई, मी तुना पाया पडस. मनी मोठी बहीन सासरमाच गयी. माय उनी तवय बठ्ठं आटपी जायेल व्हतं. माले मायजोडे जाऊ दे. उद्याना एकच दिन. मंग तू बठ्ठा, सारा गावले सांग."

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. पाच पावलांवर स्वयंपाकघर होतं आणि तिथे माय होती. पण मला वाटलं, पुरावा नाही. मी नुसतं म्हणाले तर माय म्हणेल डॉक्टरानं सोडलंय, तू कोण? त्यापेक्षा उद्या सकाळी खरी बाटली न्यायची, नानांकडून तपासून घ्यायची आणि चिठ्ठी घेऊनच यायचं. शिंदखेड्याची आगगाडी दुपारी एकची आहे, वेळ आहे. सगळं माझ्या हातात आहे, असं मला वाटलं. म्हणून मी वहिनीशी सौदा केला. उद्या माझ्यासमोर बाटली भरायची. चांगली निघाली तर जा, मी ब्र काढणार नाही.

तिनं हो म्हटलं. सकाळपर्यंत डोकेदुखीही थांबेल, असं तिलाही वाटलं असावं. दोघी मिळून आम्ही ती रात्र वाया घालवली.

शुक्रवारी पहाटे तिनं माझ्यासमोर बाटली भरली. जेमतेम पाव भरली. रंग जुन्या चहासारखा. गाडीत मी ती हातात धरली नाही, मांडीवर ठेवली.

नानांनी ती खिडकीकडे धरून पाहिली. तरंगती नळी सोडायला पुरेशी नव्हती, म्हणून थेट नळीत घेतली आणि तापवली. धुकं आलंच नाही. वरचा भाग एकदम पांढरा झाला, दह्यासारखा, आणि थिजला. नानांनी खालचा भागही तापवला. तोही थिजला. मग त्यांनी नळी उलटी धरली.

काहीच खाली पडलं नाही.

"परवाची कुणाची होती?" नाना म्हणाले.

"तिचीच. पाणी घातलेली."

"आणि तू म्हणालीस, पाणी पिते."

"हो."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सकाळची इतकी हलकी नसते, हे मीच तुला सांगितलं होतं. पाच आकडा पाहूनही तुझं ऐकलं. तीस वर्षं हे काम करतोय." आणि नळी स्टँडवर ठेवून डॉक्टरांना शोधायला गेले. डॉक्टर खेड्यावर गेले होते. ते साडेअकराला आले, नळी हातात घेतली आणि टांगा बोलावला. "स्टेशनवर जा. तिला आण. चालत नाही, उचलून."

फलाटावर सगळे होते. भाऊ, माय, वहिनीचा भाऊ पंडित, आणि ट्रंकेवर बसलेली वहिनी. हिरवं लुगडं नेसलेली, ओटीत नारळ. सुरतेकडची गाडी लागलेलीच होती.

"वहिनीला दवाखान्यात न्यायचंय," मी धापा टाकत म्हणाले. "आत्ता. खाट तयार आहे."

"तुले काय कयते वं?" माय म्हणाली. "डॉक्टरानं परवा तं सोडलं व्हतं तिले!"

"परवाच्या बाटलीत पाणी होतं."

"कोनं टाकलं पानी?"

संमेलनात तीनशे माणसांपुढे बोलले होते मी. इथे चार माणसं होती आणि मला बोलता येईना.

"मी," वहिनी म्हणाली.

मायचा हात उगारला गेला आणि हवेतच राहिला, कारण वहिनी तिच्याकडे पाहतच नव्हती. गाडीच्या दिशेनं, पण भलतीकडेच पाहत होती. "ताई, गाडीना दिवा काबर इझाडा?" तिनं विचारलं. दिवा का विझवतील? भर दुपारचे साडेबारा वाजले होते.

भाऊनं तिला उचललं. पंडित म्हणत राहिला, "मायले मी काय सांगू? माय वाट देखी राहिनी." गाडी वेळेवर सुटली.

पहिला झटका टांग्यातच आला. पुढचे दवाखान्यात. मी दाराबाहेर होते आणि आतून फक्त खाटेचा आवाज ऐकू येत होता. तो कसा होता ते लिहिता येणार नाही. रात्री मुलगी जन्मली. ती रडली नाही.

शनिवारच्या गाडीनं पंडित भिकुबाईंना घेऊन आला. काळ्या काठाचं लुगडं, अनवाणी, लहानखुरी बाई. दवाखान्याच्या पायरीवर त्या थबकल्या. नानांनी तांब्या पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला आणि विचारलं, "हाई घर कोनं शे?"

"कुणाचंच नाही, आई. दवाखाना आहे."

त्या गटागटा पाणी प्यायल्या. मग आत जाऊन लेकीच्या उशाशी बसल्या.

माय खांबाला टेकून हे सगळं पाहत होती. ती मला म्हणाली, "दवाखाना म्हंजे आपलं घर नाई. पह्यल्याच दिवशी तिले इथी ठेवली असती, तं तिची माय आली असती. हे कोनाच्याच ध्यानात कसं नाई आलं वं?"

माझ्याही नाही. सगळं समजणाऱ्या माझ्याही.

वहिनी वाचली. डोळ्यांपुढचा अंधार चौथ्या दिवशी उतरला. तोवर ती आईचा चेहरा बोटांनीच चाचपत होती, कपाळ, नाक, गोंदण. मी रोज सकाळी शाळेआधी मागच्या खोलीत जात होते. नाना मला नळी धरू देत, पण मी तोंड उघडलं की म्हणत, "आकडा सांग. कारण सांगू नकोस." मी आकडा सांगायचे. दही झालं, मग दाट धुकं, मग विरळ. तीन थेंब टाकून मी वाट पाहायचे आणि ते राहायचं, रोज थोडं कमी. वहिनीनं एकदाही विचारलं नाही, कितलं म्हणून.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी तिला शिंदखेड्याला जायची परवानगी दिली. आता सातवा नाही, आठवा नाही, कसलाच महिना नव्हता. स्टेशनवर पोचवायला माय आली नाही, भाऊ आला आणि मी आले. कौतिकनानांनी एक उकळलेली बाटली आणि कागद दिला होता, महिनाभर तिथल्या दवाखान्यात दाखवायला. तो मी भिकुबाईंना वाचून दाखवला. अंग धुवायचं, पहिली थोडी सोडायची, बूच घट्ट. त्या प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणाल्या. वहिनी खिडकीपाशी बसली होती. सूज उतरल्यामुळे तिचा चेहरा मला अनोळखी वाटत होता, केवढासा, शाळेतल्या मुलीसारखा.

शिट्टी झाली. मी खिडकीचा गज धरला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तू त्या बुधवारलेच ते पानी काबर नही वळखं?"

गाडी हलली. मी चालत राहिले, मग पळत. भाऊनं मागून हाक मारली, गज सोड म्हणून. मी सोडला.